डॉन एलिसचा बँड: विषम मात्रा, स्विंग आणि जुनं भांडण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'व्हिपलॅश' सिनेमा पाहून त्यातल्या त्या नावाच्या रचनेचं मूळ शोधलं, तिथून डॉन एलिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या जॅझ बँडपर्यंत पोचलात, आवडलं, पण मित्रांमध्ये वाद पेटला. एक म्हणतो ही नुसती मोजामोजी आहे, यात स्विंग (जॅझचा तो खास झोका) नाही. दुसरा म्हणतो सतार आणि विषम मात्रा (पाच, सात, एकोणीस अशा) हा आपल्या संगीताचा वरवरचा मुलामा आहे. तिसरा एलिसला जॅझमधला सगळ्यात मोठा बंडखोर मानतो. यात खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझा हात तबल्याचा आहे आणि बिग बँड (मोठ्या ताफ्याचा जॅझ) ऐकण्याचं वेड जुनं आहे, त्यामुळे हे भांडण मला चांगलंच परिचयाचं आहे. पहिल्या दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते एलिसच्या कमी ताकदीच्या रचनांना लागू पडतं. चांगल्या रचनांपुढे ते टिकत नाही. आणि चांगल्या कोणत्या हे ओळखायला आपल्या कानांना एक मोठी सोय आहे: आपल्याला आवर्तन, म्हणजे तालाची पूर्ण फेरी, ऐकायची सवय आहे. एलिस मोजत बसलात तर दमाल. ठेका म्हणून ऐका, मग उलगडतो.

आधी सिनेमाचं. 'व्हिपलॅश' ही रचना एलिसची नाही, हँक लेव्हीची आहे. लेव्ही बाल्टिमोरजवळच्या टाउसन इथे शिकवायचा आणि एलिसच्या बँडसाठी लिहायचा. १९७३ च्या 'सोअरिंग' या अल्बमवर एलिसच्या बँडने ती वाजवली. सात मात्रांची आहे. सिनेमात ती दहशतीचं साधन होते, पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये वादक मजेत आहेत हे स्पष्ट ऐकू येतं. सिनेमा बाजूला ठेवून एकदा नुसती ती ऐका.

आता हा माणूस कुठून आला ते पाहू, कारण 'बंडखोर' या मुद्द्याचं उत्तर तिथे आहे. जन्म १९३४, लॉस एंजेलिस. बॉस्टन विद्यापीठात संगीतरचनेचं शिक्षण. मग ग्लेन मिलरच्या नावाने चालणारा ऑर्केस्ट्रा, लष्करातला बँड, मेनार्ड फर्ग्युसनचा बँड, म्हणजे रीतसर बिग बँडची चाकरी. १९६१ मध्ये जॉर्ज रसेलच्या सेक्सटेटमध्ये (सहा वादकांच्या गटात) सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या शेजारी उभा राहून त्याने 'एझ-थेटिक्स' हा अल्बम वाजवला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम केला, त्यातल्या एका रचनेत लय मुद्दाम वाढत आणि उतरत जाते, तर एक अख्खी बाजू बारा स्वरांच्या मालिकेवर बेतलेली आहे. सोबतीला पियानोवर जाकी बायर्ड आणि बासवर रॉन कार्टर. म्हणजे विषम मात्रा हाती लागण्यापूर्वीच तो नव्या वाटा शोधत होता. कुणी सुचवलं म्हणून किंवा फॅशन आली म्हणून हे सुचलेलं नाही.

विषम मात्रांचं खरं दार उघडलं ते लॉस एंजेलिसला परतल्यावर. तिथल्या यूसीएलए विद्यापीठात तो पुढचं शिक्षण घेत होता, आणि तिथे त्याला हरिहर राव भेटले. राव हे रविशंकरांचे शिष्य, पुढे १९७३ मध्ये त्यांनी रविशंकरांच्या सोबतीने लॉस एंजेलिस परिसरात 'म्युझिक सर्कल' ही संस्था उभी केली, आणि आपल्याकडच्या कित्येक कलाकारांना तिथला रसिक मिळवून दिला. एलिस त्यांच्याकडे ताल शिकला. दोघांनी मिळून 'हिंदुस्तानी जॅझ सेक्सटेट' काढला, आणि १९६५ मध्ये जॅझ वादकांना भारतीय संगीताची ओळख करून देणारा लेखही जोडीने लिहिला. मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्या काळात सतारीचा झंकार टाकला की गाणं 'पौर्वात्य' झालं असं मानलं जायचं, त्या काळात हा माणूस मात्रा, विभाग, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) शिकायला बसला होता. १९६८ च्या 'शॉक ट्रीटमेंट' अल्बमवर तर 'द तिहाई' याच नावाची रचना आहे.

म्हणून मुलाम्याच्या आरोपावर माझं मत असं की तुमच्या मित्राने चुकीच्या जागी बोट ठेवलंय. 'टर्किश बाथ' या रचनेतली सतार ही सजावट आहे, त्याबद्दल वाद नाही. नावात तुर्कस्तान आणि हातात सतार, यावरूनच ते कळतं. ती सतार वाजवणारा रे नीपॉलिटन मुळात बँडचा बासवादक होता. पण एलिसने आपल्याकडून जे खरोखर घेतलं ते स्वरांत नाही, तालात आहे. रागाच्या वाटेला तो फारसा गेलाच नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये संगीतकार जॉन मेयर आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट सतार-तबला आणि जॅझ वादक समोरासमोर बसवत होते. एलिसने तसं केलं नाही. त्याने ताल घेतला आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या ताफ्याच्या अंगात मुरवला. ऐकताना तो भारतीय वाटत नाही, आणि ते मला त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं.

आता कॅलिफोर्नियातल्या १९६६ च्या मॉन्टेरे जॅझ महोत्सवातलं एलिसच्या बँडचं रेकॉर्डिंग लावा. सुरुवातीच्या रचनेचं नाव आहे '३३ २२२ १ २२२'. नाव म्हणजेच तालाचे विभाग. तीन, तीन, दोन, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन. बेरीज एकोणीस. वाजवण्यापूर्वी एलिस श्रोत्यांना हे फोडून सांगतो आणि श्रोते हसतात. हसू येणं साहजिक आहे, आकडा ऐकून कुणालाही वाटेल की आता परीक्षा आहे. पण हाताने धरून बघा. एकोणीस मोजू नका. प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या, बाकी सोडून द्या. दोन लांब टाळ्या, तीन आखूड, मग ती एकटी मात्रा, मग पुन्हा तीन आखूड. चार-सहा आवर्तनांत कळतं की सगळा जीव त्या एकट्या मात्रेत आहे. बारा मात्रा सरळ जातात, मग पाऊल अडखळल्यासारखं होतं, आणि उरलेल्या सहा मात्रा तोल सावरत समेवर आणून सोडतात. ती एक मात्रा काढून टाकली तर अठराचा गुळगुळीत ताल उरेल आणि रचना मरेल. धमारात ५-२-३-४ असे विभाग का आहेत हे ज्याला पटलंय त्याला हे वेगळं समजावायला नको.

त्या दिवशी मॉन्टेरेच्या श्रोत्यांनी उभं राहून दाद दिली. मोजामोजीला कुणी अशी दाद देत नाही.

'लाइव्ह इन ३⅔/४ टाइम' या अल्बमच्या नावात जो विनोदी वाटणारा आकडा आहे त्याचंही तसंच. ३⅔/४ म्हणजे काय, तर तिस्र जातीत (प्रत्येक मात्रेचे तीन भाग करत) चालायचं, तीन पूर्ण मात्रा घ्यायच्या आणि चौथीचे दोनच भाग घ्यायचे. ३-३-३-२, एकूण अकरा. चार मात्रांची सवय असलेल्या कानाला वाटतं की कुणीतरी शेवटची तान कापली. त्या कापण्यातच पुढे ढकलणारा जोर आहे.

आता स्विंगचा मुद्दा. हा मला तिन्हींत सगळ्यात गंभीर वाटतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारे एलिसप्रेमी मला पटत नाहीत. जॅझमधला चार मात्रांचा झोका बऱ्याच अंशी बासवर उभा असतो. बासवादक प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत राहतो, विभागांची रेघ ठळक करत नाही, त्यामुळे सोलो वाजवणाऱ्याला त्यावर तरंगता येतं, मात्रेच्या किंचित मागे राहता येतं. एकोणीस किंवा सतरा मात्रांत बास असा चालला तर कुणालाच जागा सापडणार नाही. म्हणून एलिसच्या बँडमध्ये बास एकच ठरलेली चाल घोकत राहतो आणि विभाग दाखवतो. मॉन्टेरेच्या बँडमध्ये तर तीन बासवादक होते, शिवाय ड्रम्स आणि इतर तालवाद्यं. पाया भक्कम होतो, पण तरंगणं कमी होतं. जे मिळतं ते नाचाच्या जवळचं असतं, बाल्कन लोकनृत्यांच्या कुळातलं. याला स्विंग म्हणायचं नसेल तर माझी हरकत नाही. पण अंग हलत नाही असं जो म्हणतो त्याने १९६७ च्या 'इलेक्ट्रिक बाथ'मधली 'इंडियन लेडी' पुन्हा ऐकावी. पाच मात्रा, ब्लूजच्या वळणाची चाल, आणि शेवट झाला असं वाटतानाच बँड पुन्हा उसळतो. तिथे स्विंगही आहे.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. एलिसने आपल्याकडून सम घेतली, विभाग घेतले, पण काल, म्हणजे खाली, घेतला नाही. आपल्या ठेक्यात बायाँ (डग्गा) गप्प बसतो तो भाग असतो, त्यामुळे आवर्तनात उजेड-सावली येते आणि न मोजता कळतं की सम किती लांब आहे. एलिसच्या तालात सगळेच विभाग भरीचे. मोठ्या ध्वनीच्या बँडमध्ये, जोरकस ड्रम्सच्या मागे, हे दहा मिनिटांनी थकवतं. १९६० च्या दशकाअखेरच्या काही रचनांमध्ये मला हा थकवा जाणवतो.

म्हणूनच १९७१ चं 'टिअर्स ऑफ जॉय' मला त्याचं सर्वांत पूर्ण काम वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या 'बेसिन स्ट्रीट वेस्ट' क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं. ब्रासच्या (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या) जोडीला त्याने व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशी चौकडी आणि सुषिर वाद्यांची दुसरी चौकडी घेतली. त्यामुळे काही आवर्तनं हलकी, काही जड होऊ लागली, जी सावली मला आधी हवी होती ती वाद्यांच्या रंगातून आली. 'स्ट्रॉबेरी सूप'मध्ये नऊ मात्रांना किती तऱ्हांनी वळवता येतं ते पाहण्यासारखं आहे. आणि याच अल्बमवर 'बल्गेरियन बल्ज' आहे, जी मिल्चो लेव्हिएव्हमुळे बँडकडे आली. लेव्हिएव्ह बल्गेरियाचा पियानोवादक, मायदेश सोडून आलेला. त्याच्यासाठी या रचनेतलं ३३/१६, म्हणजे तेहतीस छोट्या मात्रांचं आवर्तन, हा विक्रम नव्हता, गावाकडच्या नाचाची चाल होती. तिथे अकरा मात्रांवर लोक सहज फेर धरतात. तो पियानोवर बसला की बँडमधला ताण उतरतो, हे कानाला लगेच जाणवतं.

चतुर्थांश स्वरांच्या ट्रम्पेटबद्दलही तुम्ही विचारलंय. हे ट्रम्पेट हॉल्टन कंपनीने त्याच्यासाठी बनवलं, तीनऐवजी चार झडपांचं. चौथी झडप दाबली की स्वर अर्ध्या अर्धस्वराने उतरतो, म्हणजे सप्तकाचे चोवीस समान तुकडे मिळतात. आपल्या श्रुतींशी याची गल्लत करू नका. श्रुती समान अंतराच्या नसतात, आणि आपण त्या मींड-आंदोलनातून गाठतो. एलिसचे चोवीस स्वर पायऱ्या आहेत. सोलोमध्ये तो त्या मधल्या पायरीवर क्षणभर थांबतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण अख्ख्या ताफ्याने ते एकत्र वाजवले की मला ते बेसूर पडद्यासारखे लागतात. त्यांना योग्य घर मिळालं ते सिनेमात. १९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'चं संगीत त्याचंच. तिथली घुसमट आणि संशय या अधल्यामधल्या स्वरांनीच उभा केलाय. त्याच्या शीर्षकसंगीताच्या संयोजनासाठी एलिसला ग्रॅमीही मिळालं.

इलेक्ट्रॉनिक करामतींवर मात्र माझं मत सरळ विभागलेलं आहे. 'ओपन ब्यूटी'मध्ये ट्रम्पेटचा आवाज प्रतिध्वनीतून परत येतो आणि एलिस त्याच्याशीच संवाद साधत सुरावट रचत जातो. हे अप्रतिम आहे, त्याला उपकरण सुचलं नाही, उपकरणातून संगीत सुचलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर सभागृहातल्या १९७० च्या रेकॉर्डिंगमधलं बीटल्सचं 'हे ज्यूड' ऐकताना मला उलटं वाटतं. रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून निघालेले ते चित्रविचित्र आवाज पहिल्यांदा थक्क करतात, दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडत नाही.

तर तिसऱ्या मित्राला सांगा की 'सगळ्यात मोठा' ठरवायच्या फंदात पडू नका. १९७५ च्या सुमारास एलिसचं हृदय दगा देऊ लागलं आणि १९७८ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. स्वतःचा बँड हाती असण्याचा काळ जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा. एवढ्यात त्याने तालाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, चतुर्थांश स्वरांवर पुस्तक लिहिलं, आणि विद्यापीठांच्या बँडना सात-नऊ-अकरा मात्रा न घाबरता वाजवायची सवय लावली. कॉलेजचे बँड 'व्हिपलॅश' वाजवतात त्यात त्याचाही वाटा आहे.

ऐकायचा क्रम विचाराल तर 'इंडियन लेडी'पासून सुरू करा, मग 'ओपन ब्यूटी', मग मॉन्टेरेची एकोणीस मात्रा, आणि कान तयार झाले की 'टिअर्स ऑफ जॉय' एका बैठकीत, सलग. 'इलेक्ट्रिक बाथ'मधली 'न्यू होरायझन्स' शेवटी ठेवा. सतरा मात्रा, ५-५-७. त्यात तुमचा हात न चुकता समेवर पडू लागला की त्या मोजामोजीवाल्या मित्राला शेजारी बसवा आणि त्यालाही टाळी द्यायला लावा.