निर्यात कंपनीचा एजंट कोळंबीचा भाव लिहून का देत नाही?

आपण विचारले आहे की, दर्यापूर तालुक्यातील आपल्या खारवट शेतात तळे खोदून व्हेनामी कोळंबी, म्हणजे आपल्या भाषेत झिंगा, घ्यावा, बीज आणि खाद्य उधारीवर देऊ, माल आम्हीच उचलू, असे एका खासगी निर्यात कंपनीचा एजंट म्हणतो. भाव मात्र तो लिहून देत नाही. अमेरिकेचे कर वाढले आहेत आणि स्पर्धा फार आहे, एवढेच सांगतो. तो खरे बोलतो आहे की वेळ मारून नेतो आहे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो खरेच बोलतो आहे, आणि नेमके म्हणूनच आपण अधिक सावध राहायला हवे.

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. घरची शेती कपाशी, तूर आणि हरभऱ्याची. आंध्र प्रदेशात भीमावरमजवळच्या एका खासगी निर्यात कंपनीत मी आधी खरेदी विभागात आणि नंतर निर्यातीच्या कागदपत्रांच्या विभागात मिळून नऊ वर्षे काम केले. तळ्याच्या बांधावर भाव कसा ठरतो आणि तोच माल परदेशी गोदामात उतरल्यावर हिशेब कसा बदलतो, ही दोन्ही टोके मला जवळून पाहता आली.

आधी एवढे ध्यानात घ्यावे की हा धंदा मोजक्या गिऱ्हाइकांवर उभा आहे. २०२४-२५ मध्ये भारतातून सुमारे १६.९८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात झाली आणि त्यांची किंमत ६२,४०८ कोटी रुपये होती. डॉलरमधल्या या मिळकतीचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा आहे आणि सर्वांत मोठा खरेदीदार अमेरिका आहे. त्या देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयात कर आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेला. कोळंबीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे माल फार स्वस्तात विकल्याच्या आरोपावरून लावलेला कर, आणि सबसिडीविरोधी शुल्क आधीपासूनच होते. ते धरून एकूण बोजा ५८ टक्क्यांच्या वर गेला. त्याच वेळी इक्वेडोरच्या कोळंबीवर हा नवा कर १५ टक्के होता. इक्वेडोर आज जगातला सर्वांत मोठा कोळंबी निर्यातदार आहे, अमेरिकेच्या बंदरांना आपल्यापेक्षा कितीतरी जवळ आहे आणि तिथल्या अनेक कंपन्यांकडे स्वतःचे बीज, स्वतःचे खाद्य, स्वतःची तळी आणि स्वतःचा कारखाना असतो. आपला माल विकला जातो तो प्रामुख्याने सोलून, शिरा काढून, एकसारखा निवडून देण्याच्या कामावर, म्हणजे मजुरीवर. आता इक्वेडोरनेही त्या कामात लक्ष घातले आहे.

हे वऱ्हाडच्या माणसाला परके वाटू नये. त्याच ऑगस्टमध्ये, अमेरिकी करामुळे अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला हातभार लागावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत काढून टाकले आणि ऐन हंगामाच्या तोंडावर आपल्या कपाशीचा बाजार नरमला. म्हणजे आपल्या शेतात झिंगा नसतानाही तो कर आपल्या बांधापर्यंत पोहोचलाच होता.

परंतु कराचा आकडा मोठा असणे ही कंपनीची खरी अडचण नव्हे. आकडा ठाऊक असेल तर कोणताही व्यापारी तो भावात धरतो. अडचण ही आहे की माल घेताना तो आकडा ठाऊकच नसतो. अमेरिकेतले अँटी-डंपिंग शुल्क भारतीय कोळंबीवर २००५ पासून आहे. माल उतरताना जे भरले जाते ती केवळ अनामत असते आणि खरा दर नंतरच्या पुनरावलोकनात ठरतो, ज्याला वर्षाहूनही अधिक काळ लागतो. त्यात अनेक भारतीय कंपन्या सर्व कर भरून खरेदीदाराच्या दारात माल पोहोचवण्याच्या बोलीवर सौदा करतात, त्यामुळे तिकडे आयातदार म्हणूनही त्यांचेच नाव लागते आणि वाढलेला दर त्यांच्याच अंगावर येतो. आमच्या कंपनीत जुन्या वर्षांच्या शुल्कफरकाच्या फायली वेगळ्या कपाटात असत आणि मालक त्या कपाटाला गमतीने ‘विहीर’ म्हणत. त्याशिवाय जहाजाचा महिना-दीड महिन्याचा प्रवास आहे, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांनंतर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्याने युरोपचा प्रवास आणखी लांबला. या सगळ्या काळात बँकेच्या पॅकिंग क्रेडिटवर, म्हणजे माल पाठवण्याआधी घेतलेल्या निर्यात कर्जावर, व्याज चालू राहते.

मग युरोपला का विकत नाहीत, असे आपण म्हणाल. विकतात, पण २०१६ पासून युरोपीय संघाने भारतीय तळ्यांतल्या कोळंबीची सीमेवरील तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्के खेपांपर्यंत वाढवली. नायट्रोफ्युरान किंवा क्लोरॅम्फेनिकॉल या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश सापडला की खेप अडते. आमची एक खेप अशीच परत आली होती. दोष एका तळ्याचा असावा. पण त्या कंटेनरमध्ये किती तरी तळ्यांचा माल एकत्र झाला होता आणि कोणाचा कोणता हे सांगण्याइतक्या नोंदी आम्ही ठेवल्या नव्हत्या. त्यानंतरचे दोन महिने खरेदीच्या भावातून सरसकट सर्वांचे पैसे कापले गेले. ज्यांनी औषधाचा थेंबही वापरला नव्हता, त्यांचेही. ते भाव बांधावर जाऊन सांगण्याचे काम माझे होते, म्हणून हे मला विसरता आलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. कंपनीवर बाहेरून जो दाब येतो तो तिच्याकडे साठून राहत नाही. ती तो मागे ढकलते. किती ढकलता येईल हे तिच्या मागे कोण उभे आहे यावर ठरते. भीमावरमला एका तळ्यावर चार-पाच कंपन्यांचे एजंट येत. तिथे काउंटप्रमाणे, म्हणजे किलोला किती नग बसतात त्यानुसार, रोजचा भाव मोबाइलवर फिरतो आणि शेतकरी एकाला नाही म्हणून दुसऱ्याला बोलावतो. कारखाना रिकामा ठेवणे कंपनीला परवडत नाही, कारण मजूर आणि विजेचा खर्च थांबत नसतो. म्हणून मंदीतही एजंट दोन रुपये चढवून माल उचलत. कंपन्यांमधली जी स्पर्धा एजंट आपल्याला रडून सांगतो आहे, तीच स्पर्धा तिथल्या शेतकऱ्याचे रक्षण करते. आपल्या गावात तो एकटाच येणार आहे. जवळचा कारखाना नवी मुंबई, रत्नागिरी किंवा आंध्रकडे, म्हणजे शेकडो किलोमीटरवर, आणि माल बर्फात घालून लगोलग पोहोचवायचा. दुसरा गिऱ्हाईक बोलावतो म्हणायची सोय आपल्याकडे नाही.

कापसाशी तुलना करून पाहा. खेडा खरेदीचा व्यापारी भाव पाडू लागला तर आपण कापूस घरात भरून ठेवतो, फरदडीपर्यंत वाट पाहतो, नाहीतर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गाडी नेतो. झिंगा भरून ठेवता येत नाही. माल तयार झाल्यावर एजंटाने ‘गाडी चार दिवसांनी येईल’ म्हटले की त्या चार दिवसांचे खाद्य आपले, एरेटरची, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची, वीज आपली, आणि रोग आला तर तळेही आपलेच. काढणीच्या दिवशी मग ‘साल मऊ आहे’, ‘काळा डाग आहे’, ‘काउंट बसत नाही’ अशी कट्टी, म्हणजे भावात कपात, लागते. खाद्य आणि बीज उधारीवर घेतलेले असेल तर भांडायलाही तोंड उरत नाही. भाव लिहून न देता उधार मात्र उदारपणे द्यायची, या व्यवस्थेचा अर्थ इतकाच की कराची जोखीम आपल्या तळ्यात ठेवलेली आहे.

म्हणून मी आपल्याला ‘करू नका’ असे सांगत नाही. हरियाणा, पंजाब आणि राजस्थानातल्या खाऱ्या भूजलावर व्हेनामी घेतली जाते आणि पूर्णेच्या खोऱ्यातले जे पाणी ओलिताला चालत नाही ते यासाठी उपयोगी पडू शकते. (समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बहुधा कमी असते आणि ते विकत घेऊन टाकावे लागते, हा खर्च एजंट हिशेबात धरत नाही, तो आपण धरावा. पाणी प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय तळे खोदू नये.) मात्र ठरलेला भाव मागण्यात अर्थ नाही; तो लिहून दिला तरी कंपनी अडचणीत आल्यावर पाळणार नाही. भावाऐवजी रीत लिहून मागावी. काढणीच्या दिवशीचा भीमावरमचा त्या काउंटचा भाव, वजा वाहतूक आणि बर्फाची ठरावीक रक्कम. काउंट तळ्याच्या बांधावर दोघांसमोर मोजायचा. मागणी दिल्यापासून किती दिवसांत गाडी येईल आणि न आल्यास त्यापुढच्या दिवसांचे खाद्य कोणाचे. पैसे किती दिवसांत. काढणीपूर्वी प्रतिजैविकांची तपासणी करून त्याचा कागद आपल्या नावाने घ्यावा आणि एमपीईडीए, म्हणजे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे, तळ्याची नोंदणी करावी. दुसऱ्याच्या तळ्याचा दोष आपल्या माथी मारला जाऊ नये यासाठी हाच कागद कामी येतो. या अटींना एजंट कोणत्या ठिकाणी अडतो ते नीट पाहावे. वाहतुकीच्या रकमेवर घासाघीस केली तर तो व्यापार करतो आहे. गाडीच्या दिवसांवर अडला तर त्याच्या कंपनीकडे स्वतःची मागणी पक्की नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या धाकट्या भावाने मागच्या उन्हाळ्यात करून पाहिली. त्याने अर्ध्या एकराचे एकच तळे घेतले, बीज उधारीवर न घेता रोखीने आणले, आणि माल साठ-सत्तर काउंटला आल्यावर सगळा एकदम न काढता आठवड्याला थोडा थोडा काढून अकोल्याच्या आणि अमरावतीच्या मासळी बाजारात दिला. पहिल्या आठवड्यात विक्रेत्यांनी झिंगा ओळखीचा नाही म्हणून भाव पाडला, तिसऱ्या आठवड्यात त्यांचे फोन येऊ लागले. नफा सांगण्यासारखा झाला नाही, खोदाईचा खर्च अजून निघायचा आहे. पण यंदा एजंट त्याच्याकडे आला तेव्हा अकोल्यात किलोला काय मिळते हे त्याला माहीत होते, आणि बोलणे त्या आकड्यापासून सुरू झाले.