वाचकांचे प्रश्न : मोरचुदाचं एचिंग

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. जस्ताच्या पत्र्यावर मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यानं एचिंग, म्हणजे द्रावणानं रेषा खोल खाऊन छापायचा पत्रा तयार करणं, करून पाहिलं. रेषेत तांबूस गाळ भरतो, खोली येत नाही. जिथे रेघ ओढलीच नाही तिथेही ठिपके पडतात. बागेसाठी केलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) चालेल का? छापायचा प्रेस नाही, रसवंतीच्या चरकातून छाप निघेल का?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : बोर्डो नको. त्यातला चुना मोरचुदातलं तांबं बांधून टाकतो. फवारणीआधी मिश्रणात विळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. एचिंगला मात्र हीच क्रिया हवी असते. जस्त विरघळतं, त्याच्या बदल्यात तांबं बाहेर पडतं. तुमचा गाळ म्हणजे तेच तांबं.

बहुतेक मीठ घालायचं राहिलं असावं. त्याच्याविना हा थर रेषेला चिकटून बसतो आणि खाणं मंदावतं. एक लिटर पाण्याला ७५ ग्रॅम मोरचूद, ७५ ग्रॅम मीठ. टब प्लास्टिकचाच, लोखंडी घमेलं नको. दर दोन-तीन मिनिटांनी पिसानं गाळ अलगद झाडा. पत्र्याच्या मागे पॅकिंग टेप लावा, नाहीतर द्रावण पाठीवरच खर्ची पडतं.

ठिपक्यांचं मूळ बहुधा तेलकट बोटांत. खडूची पूड आणि थोडं व्हिनेगर घेऊन पत्रा घासा, नळाखाली धरा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ; थेंब फुटले तर पुन्हा घासा. ग्राउंडला (पत्र्यावर लावायचा, द्रावण अडवणारा थर; रेघ ह्याच्यातच ओढायची) मेण २ भाग, अस्फाल्टम (डांबरासारखा काळा पदार्थ) २, राळ १. मे महिन्यात दुपारी ते मऊ पडतं आणि टेकलेल्या हाताला निघून येतं. सकाळी काम करा, हाताखाली लाकडी पट्टीचा पूल घ्या. उन्हाळ्यात द्रावणही जोरात खातं, हिवाळ्यातली वेळ धरू नका. आधी तुकड्यावर ५, १०, २०, ४० मिनिटांची चाचणी घ्या.

निळा रंग उडाला की द्रावण संपलं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस थांबेपर्यंत. गाळ बसू द्या. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

चरक विसरा. त्याचे रोलर खाचांचे, खाली सपाट पाट नाही. एचिंगला गुळगुळीत रोलर, ओलसर कागद आणि वर फेल्ट (लोकरीचा जाड नमदा) लागतं, तेव्हा कुठे कागद रेषेत शिरून शाई उचलतो. शाळेपुरता दुसरा मार्ग आहे : शाई भरून पुसलेल्या पत्र्याभोवती पट्ट्यांची चौकट करा, प्लास्टर ऑफ पॅरिस सेंटीमीटरभर ओता आणि घट्ट झालं की उचला. रेषा उठावदार, शाईसकट येतात.