सीझन बॉल डोक्याला लागून दोन महिने झाले, स्कॅन नॉर्मल आहे, तरी नववीतल्या मुलाचं डोकं दुखणं आणि गरगरणं थांबत नाही. काय करावं?

सगळ्यात आधी सांगते, तुमचा मुलगा नाटक करत नाहीये. ‘स्कॅन नॉर्मल आहे ना, मग आता अभ्यास टाळायला निमित्त’ असं घरचेच म्हणतात, हे तुमच्या प्रश्नात वाचून फार वाईट वाटलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मेंदूला बसलेला मुका मार, म्हणजे कन्कशन, त्यात दिसत नाही, कारण रचना जागच्या जागी असते आणि बिघाड कामात झालेला असतो. बहुतेक मुलं चार आठवड्यांत सावरतात, पण काहींचं रेंगाळतं.

माझ्या मुलीचं असंच रेंगाळलं होतं. कबड्डीत पकड करताना समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. तेव्हा ती दहावीत होती, त्यामुळे तुमच्या घरात काय चाललं असेल ते मला कळतं.

अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायचं, हा सल्ला आता मागे पडलाय. पूर्ण नाही, पण बरीचशी विश्रांती पहिले 24 ते 48 तास. त्यानंतर हलकी हालचाल सुरू करावी, असं खेळातल्या कन्कशनवरच्या 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांनीही सांगितलं आहे. दोन महिन्यांनीही मूल झोपूनच राहिलं तर दम कमी होतो, रात्रीची झोप बिघडते, मन खचतं आणि या सगळ्याने डोकं आणखी दुखतं. आम्हाला डॉक्टरांनी एक हिशेब घालून दिला होता. चालायला जाण्याआधी त्रासाला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा. चालताना तो एक-दोनने वाढला आणि तासाभरात उतरला तर हरकत नाही. त्याहून जास्त वाढला तर तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी चालायचं. रोज वहीत लिहायचं. सुरुवातीला सोसायटीला एक फेरी मारली तरी ती दमायची, मग हळूहळू फेऱ्या वाढत गेल्या.

दुसरं म्हणजे, दुखणं नेमकं कुठून येतंय ते शोधा. डोक्याला धक्का बसतो तेव्हा मानेलाही बसतो, आणि मानेतून उठणारं दुखणं डोक्यात जाणवतं. ते चांगल्या फिजिओला तपासता येतं. गरगरणं बरेचदा कानातल्या तोलाच्या यंत्रणेशी जोडलेलं असतं. माझ्या मुलीला त्यासाठी भिंतीवर चिकटवलेल्या ‘क’ अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायचा व्यायाम दिला होता. पहिल्या आठवड्यात काही सेकंदांतच तिला मळमळायचं, म्हणून मी बाजूला खुर्ची घेऊन बसायचे. वाचताना ओळी एकमेकींत मिसळत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘जवळ बघताना दोन्ही डोळे एकत्र वळतात का’ हे मुद्दाम तपासायला सांगा. साध्या चष्म्याच्या तपासणीत ते सुटून जातं.

गोळ्यांकडेही लक्ष द्या. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. किती दिवस घेतल्या, तेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

शाळा पूर्ण बंद करू नका. डॉक्टरांचं पत्र घेऊन वर्गशिक्षकांना भेटा: काही दिवस अर्धा दिवस शाळा, मधे पाच-दहा मिनिटं शांत बसायची मुभा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स. शाळा आणि क्लास यांतलं एकच झेपत असेल तर क्लास सोडा. फी बुडेल, बुडू दे.

मैदानाची घाई मात्र अजिबात नको. आधीचा मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर तो क्वचित जिवावरही बेततो. क्रिकेटवेडा मुलगा ऐकत नसेल तर त्याला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ याचं सांगा. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर मानेवर बसल्यावर तो पुन्हा फलंदाजीला आला, पण दुसऱ्या दिवशी लक्षणं दिसली तेव्हा त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी लाबुशेन खेळला. पुढची कसोटीही स्मिथ खेळला नाही, तीही इंग्लंडविरुद्धच्या मानाच्या ॲशेस मालिकेतली. आधी शाळेचा पूर्ण दिवस त्रासाशिवाय, मग एकट्याने पळणं, मग नेट्स, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सामना.

संघ सुटला, मित्र सुटले, याचं दुःख तो बोलून दाखवणार नाही कदाचित. तुम्हीच विचारा. फार गप्प झाला असेल तर समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणि डोकेदुखी एकाएकी खूप वाढली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा तो नीट जागा होत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या.