खान नदीकाठच्या जुन्या मिलची इमारत नेमकी कधीची, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: इंदूरला खान नदीच्या काठी विटांची एक बंद मिल आहे, फाटकावर साल कोरलेलं आहे, तर इमारत त्याच सालची समजायची का?

नाही. ते साल बरेचदा कंपनीच्या स्थापनेचं असतं. कातणखातं, साचेखातं (म्हणजे मागांवर कापड विणायचं खातं), बॉयलरघर हे सगळं एकदम उभं राहत नाही, म्हणून प्रत्येक भागाचं वय वेगळं काढा.

सुरुवात पाण्यापासून करा. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ थंड करायला तिच्या वजनाच्या वीस-तीस पट पाणी लागतं. माळव्यातली नदी उन्हाळ्यात आटते, त्यामुळे आवारात हौद किंवा तलाव असायलाच हवा. त्याला लागून उंच कमानी खिडक्यांची खोली आणि तिच्यात घडीव दगडाचा ओटा, ओट्यात जाड बोल्टांची भोकं दिसली, तर ते इंजिनघर. शेजारी सगळ्या मजल्यांतून वर जाणारी अरुंद, बिनमजल्याची खोली असेल, तर तिथून इंजिनाच्या चाकावरचे सुती दोर वर जात आणि प्रत्येक मजल्याचा शाफ्ट, म्हणजे यंत्रांना गती देणारा लांब दांडा, फिरवत. हे दोन्ही नसेल तर इमारत बहुधा विजेच्या मोटारी आल्यानंतरची. धुराड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. मोटारी आल्या तरी सुताला खळ द्यायला आणि रंगाईला वाफ लागतच होती.

आता लोखंड. बिडाच्या खांबाच्या बुडाशी किंवा माथ्याशी बरेचदा ओतकाम करणाऱ्याचं नाव असतं. रंगाच्या थरांखाली ते दिसत नाही. टॉर्च खांबालगत, प्रकाश तिरपा पडेल असा धरा आणि अक्षरांवर खडू घासा. लोखंडी तुळईच्या मधल्या उभ्या पट्टीवर टाटांचा छाप असेल तर ती 1912 च्या आधीची असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघू लागलं. फक्त ती तुळई नंतरच्या दुरुस्तीत घातलेली नाही ना, हे आधी बघा: टोकाशी भिंत फोडून पुन्हा भरल्याची खूण राहते.

विटांचे दहा थर उभे मोजा. सांध्यांसकट बरोबर 100 सेंमी भरले तर भिंत मेट्रिक मापांनंतरची, म्हणजे 1957 नंतरची. कमी भरले म्हणून जुनी ठरत नाही, कारण जुन्या मापाच्या विटा आपल्याकडे अजूनही पाडतात. सांध्यात गुलाबी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, असेल तर चुन्याचं काम. चुना ओळखायला लिंबू पिळून बुडबुडे बघण्याचा उपाय सोडा, जुनं सिमेंटही फसफसतं.

करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल तर होकायंत्र लावा. काचा उत्तरेला असतील तर बहुधा ते मूळचं साचेखातं: उजेड सारखा हवा, ऊन सुतावर नको. मागांच्या हादऱ्यामुळेही साचे तळमजल्यावरच ठेवत.

कागदांत आधी होळकर संस्थानचे छापील वार्षिक प्रशासन अहवाल चाळा. मूळ दप्तर बरंचसं मोडी लिपीत आहे, ती वाचणारा सोबत घ्या. पॅट्रिक गेडीस यांनी 1918 साली दरबारासाठी केलेला नगररचनेचा अहवालही जरूर बघा, त्यात शहर आणि नद्या दोन्ही आहेत.

आत जायला मालकाची लेखी परवानगी घ्या आणि वरच्या लाकडी मजल्यांवर पाय ठेवू नका, पावसाच्या गळतीनं तुळयांची टोकं भिंतीच्या आतच कुजलेली असतात आणि बाहेरून कळत नाही. खांबाच्या बुडाचा स्पष्ट फोटो टाकलात तर त्यावरून पुढचं सांगतो.