नाग नदीचे प्लास्टिक आणि गोदावरीचे मुख

प्रश्न : प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि नॅनोकण खाडीतल्या जीवांना घातक ठरतात, असे वाचनात येते. समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर असताना आपल्या शहराचा याच्याशी काही संबंध येतो का? आणि डोळ्यांना न दिसणारा कण एवढे नुकसान करतो तरी कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : संबंध येतो आणि तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. गोसीखुर्दचे धरण ओलांडून पुढे गेलेली वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरीचा एक फाटा आंध्रच्या किनाऱ्यावर यानम आणि कोरिंगाच्या कांदळवनांजवळ बंगालच्या उपसागराला मिळतो. धरणांत बराच कचरा गाळाबरोबर तळाशी बसतो हे खरे; परंतु पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाण्यात तरंगणारे बारीक कण पुढे जातातच.

५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, तर नॅनोकण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. गोड्या पाण्यात अशा कणांवरील सारखा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. नदीमुखाशी खारे पाणी मिसळले की त्यातील क्षारांमुळे हे प्रतिकर्षण क्षीण होते, कणांचे पुंजके बनतात आणि ते जड होऊन चिखलात बसतात. नेमक्या त्याच चिखलात खेकडे आणि कृमी राहतात, कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात, आणि कालवे (शिंपल्यात राहणारे मऊ शरीराचे जीव) तासाला कित्येक लिटर पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. कालवाला अन्नकण आणि प्लास्टिक यांतला फरक नीट कळत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी कालवांना २ महिने पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांत ठेवले, तेव्हा मादीच्या अंड्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली आणि शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी मंदावला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेलेले कालव कोणालाही दिसते, पण जिवंत असूनही कमी प्रजा देणारे कालव कोणाच्या लक्षात येणार?

दुर्गंधीरोधक कपड्यांत वापरतात त्या चांदीच्या नॅनोकणांचे वागणे वेगळे असते. त्यांतून सुटणारे चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, खाऱ्या पाण्यातील क्लोराइडशी बांधले जातात, त्यामुळे खाडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकाच कणाचा परिणाम सारखा राहत नाही.

अनेक प्रयोगांत कणांचे प्रमाण निसर्गात आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा पुष्कळ जास्त ठेवलेले असते, हेही सांगितले पाहिजे. तरीही मला हा दिलासा पुरेसा वाटत नाही, कारण एकदा चिखलात मुरलेले कण तिथून वेचून काढण्याचा कोणताही व्यवहार्य उपाय नाही आणि त्यांत दरवर्षी भरच पडत राहते.

आपल्याकडून ही भर मुख्यतः कृत्रिम धाग्याच्या कपड्यांच्या धुण्यातून, टायरच्या झिजेतून आणि नाल्यात टाकलेल्या पिशव्यांच्या तुकड्यांतून पडते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आलेल्या पाण्यातील बहुतांश कण गाळात अडकतात. पण तोच गाळ शेतात खत म्हणून पसरला, तर पावसाबरोबर काही कण पुन्हा नाल्यात येतात. म्हणून केंद्र रोज किती पाणी शुद्ध करते एवढेच विचारून न थांबता, तिथला गाळ कुठे जातो हेही नागरिकांनी महापालिकेला लेखी विचारावे.