पर्कल्ट: रस्सा कांद्याचा, मसाल्याचा नव्हे

प्रश्न : हंगेरीत हरणाच्या मांसाचा दाट, लालभडक स्ट्यू करतात. मुंबईत हरीण मिळणार नाही हे कळतं, पण मटण घेऊन केला तरी आमचा स्ट्यू शेवटी आपल्या मटणाच्या रश्श्यासारखाच लागतो. कुठे चुकतं? (दादर)

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला 'गुलाश' म्हणतो तो हंगेरीत 'गुयाश', आणि ते पातळ सूप असतं. 'गुया' म्हणजे गुरांचा कळप, गुयाश म्हणजे गुराखी. तुम्ही म्हणता तो दाट प्रकार 'पर्कल्ट'. हरणाचं, रानडुकराचं मांस तिथे बहुधा असंच शिजवतात.

चव आपल्या रश्श्यावर जाते त्याचं कारण सवय. मटण घरी आलं की हात आपोआप हळद, आलं-लसूण वाटणाकडे जातो. पर्कल्टमध्ये आलं नाही, हळद नाही, गरम मसाला नाही, वाटणही नाही. दाटपणा येतो तो विरघळलेल्या कांद्यातून आणि मांसातल्या चिकट शिरांमधून. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेला रस्सा म्हणजे पर्कल्ट नव्हे.

मांस असं निवडा. हरणाचं मांस गडद, तंतुमय आणि जवळजवळ बिनचरबीचं असतं. ज्यांना चालतं त्यांनी म्हशीच्या किंवा रेड्याच्या पायाचं मांस घ्यावं, तेच सगळ्यात जवळ जातं. बाकीच्यांनी मोठ्या बोकडाचा खांदा, मान आणि नळीचं मटण घ्यावं. कोवळं मटण इथे वाया जातं, रस्सा जमायच्या आत ते विरून जातं. खाटकाला 'दीड ते दोन इंचाचे तुकडे' असं आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने रश्श्याचे छोटे तुकडे करून देईल. धुतलं तर पाणी पूर्ण निथळू द्या आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

प्रमाण : बिनहाडाचं मांस १ किलो (हाडांसकट १.३ किलो), कांदे ५०० ग्रॅम, डुकराची चरबी किंवा सूर्यफुलाचं तेल ७० मिली, गोडी पॅप्रिका (हंगेरियन लाल मिरचीची सौम्य पूड) २० ग्रॅम म्हणजे तीन सपाट मोठे चमचे, लसणाच्या ५ पाकळ्या, टोमॅटो १, भावनगरी मिरच्या २, कॅरवे अर्धा चहाचा चमचा, कोरडी रेड वाइन १५० मिली, मीठ दीड चहाचा चमचा. कॅरवे दिसतं जिऱ्यासारखं, पण आपलं जिरं त्याच्या जागी घालू नका. त्या अर्ध्या चमच्यानेच पर्कल्टचा पुन्हा रस्सा होतो. तुपाचंही तसंच, त्याचा वास पॅप्रिकावर बसतो.

जाड बुडाच्या पातेल्यात बारीक चिरलेला कांदा चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर २५ मिनिटं परता. तो बिर्याणीच्या कांद्यासारखा तपकिरी करायचा नाही. आधी काचेसारखा होऊ द्या, मग सोनेरी, आणि चमच्याने दाबला की लगदा झाला पाहिजे. पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्यात पाणी जास्त असतं, त्याला दहा मिनिटं अधिक लागतात. साठवणीचा उन्हाळी कांदा लवकर होतो. गॅस बंद करून पॅप्रिका घाला, दहा सेकंद ढवळा आणि लगेच अर्धी वाटी पाणी ओता. आता मांस, लसूण, कॅरवे आणि उरलेलं मीठ घालून मोठ्या आचेवर मांसाचा कच्चा रंग जाईपर्यंत हलवत राहा. मग आच मंद करून झाकण ठेवा.

यानंतरची पायरी बहुतेक पाककृतींत गाळलेली असते. मांस स्वतःच्या पाण्यात शिजू लागेल. ते पाणी आटत आलं की आवाज बदलतो. बुडबुड थांबते, चरचर सुरू होते, कडेने लाल तेल दिसायला लागतं. हंगेरियन स्वयंपाकी याला 'चरबीवर आणणं' म्हणतात आणि आपण 'तेल सुटणं' म्हणतो, गोष्ट एकच आहे. दोन मिनिटं ते तसंच परता, मग पाव ते अर्धी वाटी गरम पाणी घाला. पुन्हा आटू द्या, पुन्हा घाला, असं तीनदा करा. दुसऱ्या वेळी पाण्याऐवजी वाइन घाला, त्याबरोबर टोमॅटो आणि मिरच्या. सुरुवातीलाच चार वाट्या पाणी ओतलं तर मांस उकडतं आणि रश्श्याला खोली येत नाही. बोकडाला एकूण पावणेदोन ते दोन तास लागतात, म्हशीच्या मांसाला अडीच ते तीन. शेवटी रस मांसाला लपेटून राहील इतकाच उरला पाहिजे.

प्रश्न : रंग छान आला, पण चव कडू. पॅप्रिका खराब होती का? आणि तिच्याऐवजी काश्मिरी मिरची चालेल का? (गोरेगाव)

पॅप्रिका जळली. तिच्यात साखरेचा अंश बराच असतो, त्यामुळे तापलेल्या तेलात ती काही सेकंदांत करपते. रंग लालवरून विटकरी झाला की समजा गेली. त्यावर साखर, टोमॅटो, क्रीम काहीही घाला, कडवटपणा जात नाही. तो कांदा टाकून देऊन पुन्हा सुरुवात करणं स्वस्त पडतं, कारण मांस अजून बाहेरच असतं. म्हणूनच गॅस बंद करायचा आणि पाणी आधीच हाताशी ठेवायचं. पाकीट जुनं असेल तर मात्र कडू नाही, भुशासारखी चव लागते. उघडलेलं पाकीट मुंबईच्या दमटपणात बाहेर ठेवू नका, घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

काश्मिरी मिरचीने रंग येतो, पण तिखटपणा जास्त आणि गोडवा कमी. २० ग्रॅमच्या जागी तिची ८ ग्रॅम पूड घ्या आणि जोडीला एक मोठी लाल ढोबळी मिरची गॅसवर भाजून, साल काढून, वाटून घाला. तोंडात राहणारा गोडसर गर ढोबळीतून येतो. पण खरी पॅप्रिका मिळत असेल तर तीच घ्या. या पदार्थात तिच्यावर केलेला खर्च सत्कारणी लागतो. सेगेड आणि कॉलोचॉ ही तिथली पॅप्रिकाची नावाजलेली गावं. सेगेडच्याच मिरचीतून आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं, त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. पाकिटावर 'एदेशनेमेश' असेल तर ती गोडी, 'चीपोश' असेल तर तिखट. धुरावलेली स्पॅनिश पॅप्रिका इथे नको.

प्रश्न : दोन तास गॅस जाळणं परवडत नाही. कुकरमध्ये होईल का? (मुलुंड)

होईल, पण कुकरमध्ये पाणी आटत नाही हे लक्षात ठेवून. कांदा, पॅप्रिका आणि मांस परतणं कुकरमध्येच, झाकण न लावता करा. एकदा तेल सुटू द्या. मग पाऊण वाटी पाणी आणि वाइन घालून झाकण लावा. एक शिट्टी मोठ्या आचेवर, पुढे बोकडाला २० मिनिटं मंद, म्हशीला ३५. वाफ आपोआप जाऊ द्या. झाकण काढल्यावर रस पातळच दिसेल. तो १५ मिनिटं उघड्यावर आटवा आणि पुन्हा एकदा तेलावर आणा. इथे घाई केली की चव कुकरच्या मटणाचीच येते.

प्रश्न : पाककृतीत जुनिपर बेरी आणि बे लीफ आहे. तमालपत्र चालेल ना? जुनिपर कुठे शोधायचं? (गिरगाव)

तमालपत्र वेगळं झाड आहे. त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात आणि वास लवंग-दालचिनीकडे झुकतो. युरोपातल्या बे लीफला मधोमध एकच शीर असते. तमालपत्र घातलं की पदार्थ पुलावाच्या दिशेने सरकतो, त्यापेक्षा काहीच न घालणं बरं.

जुनिपर मात्र आपल्याकडे जुनं आहे. आयुर्वेदात त्याला 'हपुषा' म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात ते मिळतं. निळसर-काळी, वाटाण्याएवढी फळं. एक बोटांत चुरडून पाहा, जिनसारखा स्वच्छ राळेचा वास आला पाहिजे. नुसता धुळीचा वास आला तर घेऊ नका. किलोला ६ ते ८ फळं ठेचून घाला, दहाच्या वर गेलात तर औषधाची चव येते. गरोदर बाईच्या ताटात जाणार असेल तर जुनिपर वगळा. रानाचा वास बोकडाला देणारी वस्तू हीच आहे. तिकडे शेवटी जंगली गुलाबाच्या फळांचा जॅमही घालतात, त्याऐवजी करवंदाचा जॅम एक चहाचा चमचा घाला. आंबट-गोड तोल छान जमतो.

प्रश्न : गावाहून एकजण रानडुकराचं मांस आणून देतो म्हणतो. घ्यावं का? (बोरिवली)

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार आणि अशा मांसाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तब्येतीच्या दृष्टीनेही न तपासलेलं रानडुकराचं मांस धोक्याचं, त्यात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात. पाळीव डुकराचा खांदा घ्या, त्याचं पर्कल्ट उत्तम होतं आणि दीड तासात होतं.

प्रश्न : मुलगी बुडापेस्टला शिकते. तिथे दुकानात हरणाचं मांस सहज मिळतं. तिने पहिल्यांदा करताना काय सांभाळावं? (विलेपार्ले)

तिने 'सॉरवॉश' म्हणजे सांबराच्या कुळातलं लाल हरीण मागावं, आणि तुकडा खांद्याचा किंवा नळीचा घ्यावा. पाठीचं मऊ मांस स्ट्यूमध्ये घातलं तर कोरडं, भुसभुशीत होतं.

घरी आल्यावर दोन कामं करायची. मांसावरची चांदीसारखी चकाकणारी पापुद्र्याची कातडी धारदार सुरीने सोलून काढायची, ती शिजून विरघळत नाही. आणि हरणाची स्वतःची चरबी पूर्ण काढून टाकायची. ती पटकन गोठते आणि टाळूला मेणासारखी चिकटते. 'हरणाला वास येतो' अशी तक्रार असते ती बहुतेक या चरबीचीच. तिच्या जागी १०० ग्रॅम स्मोक्ड डुकराची चरबी, तिथली 'सॉलोन्ना', बारीक चिरून आधी वितळवायची आणि कांदा तिच्यात परतायचा.

वाइनमध्ये दोन दिवस भिजवून ठेवायची गरज नाही. आंबटपणा मांसात काही मिलिमीटरच शिरतो आणि वरचा थर पिठूळ होतो. वाइन पातेल्यातच जास्त काम करते. वेळ अडीच तास धरावा. दीड तासाला मांस सगळ्यात चामट लागतं आणि तिथेच लोक हरतात. चिकट शिरांचं जिलेटिन होत असतं, त्याला वेळ द्यावाच लागतो. रानडुक्कर घेतलं तर तुकड्याच्या मध्यापर्यंत किमान ७१ अंश सेल्सियस गेलं पाहिजे. फ्रीझरमध्ये ठेवून रानातल्या मांसातले सगळे कृमी मरतात हा समज चुकीचा आहे.

प्रश्न : सोबतच्या 'नोकेड्ली'साठी (मैद्याच्या पिठाचे पाण्यात उकडलेले छोटे तुकडे) वेगळी किसणी लागते म्हणतात. (परळ)

बुंदीचा झारा घ्या, मोठ्या भोकांचा. २५० ग्रॅम मैदा, २ अंडी, एक चहाचा चमचा मीठ आणि साधारण १२५ मिली पाणी. पीठ कोरडं दिसेनासं झालं की थांबा. भज्यांच्या पिठासारखं फेटत बसलात तर नोकेड्ली रबरासारखी होते. खळखळत्या खारट पाण्यावर झारा धरून पीठ उलथण्याने भोकांतून दाबा. झारा पाण्यापासून वीतभर वर हवा, नाहीतर वाफेने पीठ भोकांतच शिजून बसतं. तुकडे तरंगले की आणखी एक मिनिट थांबून निथळा आणि चमचाभर लोण्यात घोळवा. दोन खेपांत करा, एकदम सगळं सोडलं तर पाणी थंड पडतं आणि गोळा होतो. बरोबर काकडीच्या पातळ चकत्या मीठ लावून, पिळून, व्हिनेगर आणि चिमूटभर साखरेत. दाण्याचं कूट नको.