पोलिश रायफलच्या नावातलं 'व्झ.' म्हणजे काय? टॅन्टल या पोलिश रायफलला सोव्हिएत एके-७४ म्हटलं तर चालेल का?

'व्झ.' हा कारखाना किंवा कंपनी नाही. 'व्झूर' (wzór) या पोलिश शब्दाचं ते संक्षिप्त रूप (wz.). अर्थ नमुना, म्हणजेच मॉडेल. पुढचा आकडा वर्षाचा. म्हणून व्झ. ८८ म्हणजे १९८८चा नमुना.

त्याच्या आधीचा शब्द मात्र लोक सर्रास गाळतात, आणि खरी चूक तिथेच होते. 'काराबिन' म्हणजे लांब रायफल, 'काराबिनेक' म्हणजे आखूड कार्बाइन. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमधल्या राडोम शहरात बनलेल्या दोन रायफली घ्या. दोन्ही जर्मन माउझर रायफलच्या पद्धतीच्या, ७.९२ मिमीच्याच, पण व्झ. ९८ए हा काराबिन (नळी ७४० मिमी) आणि व्झ. २९ हा काराबिनेक (६०० मिमी). दोन्हींना नुसतं 'पोलिश माउझर' म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

टॅन्टलला एके-७४ म्हणू नका. काडतूस तेच, ५.४५ मिमीचं, पण टॅन्टलमध्ये तीन गोळ्यांच्या बर्स्टची (एकदा चाप ओढला की सलग तीन गोळ्या सुटण्याची) सोय आहे. पूर्ण नाव 'काराबिनेक व्झ. ८८ टॅन्टल'. ५.५६ मिमीची पोलिश रायफल वेगळी, ती 'व्झ. ९६ बेरिल'. मराठीत लिहिताना 'व्झ.' तसंच ठेवावं. 'डब्ल्यूझेड' हा इंग्रजी उच्चार इथे अगदीच परका वाटतो.